ती घर सोडून का जात नाही?

भयकादंबरी वाचताना मनात येणारा पहिला प्रश्न भुताबद्दलचा नसतो. "अगं, मग घर सोडून जा ना!" हा तो प्रश्न. कादंबरीकडे त्याचं उत्तर नसेल तर पुढची तीनशे पानं कितीही मेहनतीनं लिहिलेली असोत, पकड सुटते. हे उत्तर शोधायचं पहिल्या तीसेक पानांत, काहीही विपरीत घडायच्या आधी. घराचं कर्ज फिटायला अजून अकरा वर्षं आहेत. वरच्या खोलीत वडील अंथरुणाला खिळलेत. मुलीचा ताबा हवा असेल तर कोर्टाला कायमचा पत्ता दाखवावा लागणार आहे. अशी कारणं आधीच पेरलेली असली की दार वाजतं तेव्हा पात्राबरोबर आपणही आत अडकलेले असतो. तेच अडकणं शंभराव्या पानावर, गाडी सुरू होईना म्हणून किंवा पूल वाहून गेला म्हणून आलं, तर ती लेखकानं करून घेतलेली सोय आहे हे लगेच कळतं.

आजच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत मोबाइलची आणखी एक अडचण असते. "रेंज नव्हती" म्हणून ती एका वाक्यात उडवून लावणारी पुस्तकं ढिगानं आहेत. कसदार लेखक फोन चालूच ठेवतो. समजा, गेलेल्या आईच्या नंबरवर मुलगी सवयीनं मेसेज पाठवत राहते आणि कित्येक महिन्यांनी एका रात्री त्यावर मेसेज वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात. याला साधं कारण असू शकतं: नंबर बंद होऊन दुसऱ्या कुणाला मिळाला असेल. तिलाही ते सुचतं, आपल्यालाही सुचतं. तरी पुढचा मेसेज लिहिताना तिचा अंगठा थांबतो.

हे थांबणंच अद्भुत साहित्याचा गाभा आहे, असं त्स्वेतान तोदोरोव या समीक्षकानं 1970 साली मांडलं. घडलं ते निसर्गनियमात बसतं की बसत नाही, हे ठरवता येत नाही तोवरच अद्भुत टिकतं. ठरलं की आपण दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीत जातो. म्हणून "हे सगळं तिच्या डोक्यातच होतं" हा शेवटच्या प्रकरणातला खुलासा इतका निराश करतो. इतका वेळ जपलेला संशय त्यात फुकट जातो, शिवाय मानसिक आजाराचा वापर निव्वळ पळवाट म्हणून होतो.

आता वाक्याच्या पातळीवर बघू. "अचानक त्या भयाण काळोखात अंगावर काटा आणणारी एक अमानुष किंकाळी घुमली." यात भीतीची विशेषणं आहेत, भीती नाही. आपल्याला काय वाटायला हवं ते लेखकानंच सांगून टाकलंय. त्याऐवजी हे पाहा: "दिवा तिनं बंद केला होता. तिला नक्की आठवत होतं, कारण हात ओले होते म्हणून बटण तिनं कोपरानं दाबलं होतं." दिवा आत्ता चालू आहे, एवढंही इथे म्हटलेलं नाही. काम कोपरानं केलंय. इतका बारीक, बिनमहत्त्वाचा तपशील कुणी उगाच रचत नाही, म्हणून तिच्या आठवणीवर आपला विश्वास बसतो आणि मग दिव्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या गळ्यात पडतो. मार्क डॅनिएलेव्स्कीच्या 'हाउस ऑफ लीव्ह्ज' (2000) या कादंबरीत घराचं आतलं माप बाहेरच्या मापापेक्षा जास्त भरतं. किती? पाव इंच. दहा फूट म्हटलं असतं तर ती जादू झाली असती. पाव इंच म्हटल्यावर माणूस पुन्हा टेप आणतो, पुन्हा मोजतो.

अठराव्या शतकात भयकादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफनं हा फरक फार पूर्वी ओळखला होता. तिच्या मृत्यूनंतर 1826 साली छापल्या गेलेल्या एका लेखात तिनं भीतीचे दोन प्रकार केले: एकीनं मन विस्तारतं, जागं होतं, दुसरीनं ते आक्रसतं, गोठतं. पहिलीला आपण धास्ती म्हणू, दुसरीला थरकाप. रक्त, सडकं मांस, तुटलेलं बोट यांनी थरकाप होतो आणि त्याला कादंबरीत जागा आहेच, पण तो दर वीस पानांनी वापरला की वाचक निबर होतो. सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे घरातला कुत्रा मारणं. इतक्या वेळा वापरून झालंय की कुत्रा पानावर आला तरी त्याचं पुढे काय होणार ते दिसतं.

खरी कसोटी मात्र मधल्या भागात लागते. भय हा मुळात लघुकथेचा ऐवज. अमेरिकन भयकथाकार एडगर अ‍ॅलन पोनं 1846 मध्येच लिहून ठेवलं की एकसंध परिणाम हवा असेल तर लेखन एका बैठकीत वाचून होणारं असावं. कादंबरी तर चार-पाच दिवस चालते. मध्ये वाचक झोपतो, कामावर जातो, भांडी घासतो. त्यामुळे तीच भीती आवाज वाढवून पुन्हा लावली तर दीडशेव्या पानाला कंटाळा येतो. भीतीची जात बदलत जावी लागते. आधी काहीतरी खटकतं. मग ते सांगितल्यावर जवळची माणसं विश्वास ठेवत नाहीत, आणि तो एकटेपणा भुतापेक्षा जड होतो. मग विश्वास बसतो, आणि त्या विश्वासातून पात्र असं काही करून बसतं जे निस्तरता येत नाही. तिसऱ्या टप्प्यावर वाचकाला पात्राचीच भीती वाटू लागली तर समजावं, पुस्तक जमलंय.

जे काही त्या घरात आहे त्याला मर्यादाही हवी: कुठे येऊ शकत नाही, काय मागतं. वाचकाला नियम सांगायची गरज नाही, लेखकानं तो मोडू नये एवढंच. शेवटच्या पन्नास पानांत त्याला नव्या शक्ती फुटल्या, किंवा एखादे जाणकार म्हातारे गृहस्थ येऊन दहा पानं इतिहास सांगत बसले, की सगळी हवा गेली.

गेल्या काही वर्षांत आणखी एक खोड रुळलीय: भूत म्हणजे दुःख, राक्षस म्हणजे लहानपणचा घाव. अर्थ म्हणून हे चांगलंच आहे, अनेक उत्तम कादंबऱ्या यावर उभ्या आहेत. पण भुताला आधी भूत असू द्यावं लागतं. त्यानं जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे ठेवावेत, ते पुसायला फडकं लागावं. पात्रं समुपदेशकासारखी बोलून अर्थ उलगडू लागली की दुःखही उथळ होतं आणि भीतीही उरत नाही.

पुस्तक हातात घेतल्यावर मलपृष्ठ बाजूला ठेवा. पहिली दहा पानं वाचा आणि ते घर डोळ्यांपुढे उभं राहतं का बघा: स्वयंपाकघरातून जिना दिसतो का, रात्री कुठलं दार आतून लावतात. मग साधारण मध्यावर उघडून दोन पानं वाचा. तिथे माणसं भुताखेरीज आणखी कशाची तरी काळजी करत असतील, फी भरायची राहिलीय, बहिणीशी बोलणं बंद आहे, तर पुस्तक घ्या. आणि वाचून संपल्यावर पहिल्या प्रकरणाकडे एकदा परत जा. घराबद्दल तिथे सहज येऊन गेलेली दोन-तीन वाक्यं आता सहज वाचवत नाहीत का, ते बघा.