एरंगळची जत्रा: कसं जावं, काय पाहावं

मुंबईत मालाडच्या पश्चिमेला, मढच्या वाटेवर असलेल्या एरंगळचं चर्च बघायचंच असेल तर जानेवारीतला दुसरा रविवार धरा. त्या दिवशी संत बोनाव्हेंचरची जत्रा भरते. गर्दी होते, पण एरवी दार बंदही असू शकतं.

मालाड पश्चिमेहून मढला जाणारी २७१ नंबरची बेस्ट एरंगळला थांबते. जत्रेच्या दिवशी मात्र रस्ता तुंबतो. आम्ही वर्सोव्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली आणि पलीकडे रिक्षा केली. बोटीत दुचाकीही चढवतात.

चर्च अगदी वाळूला लागून. लहानसं, पांढरं, १५७५ सालचं. गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या १५३४च्या तहानंतर साष्टी, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांचं बेट, पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री आले. बोनाव्हेंचर त्यांच्याच पंथातला संत. चर्चच्या पंचांगाप्रमाणे त्याचा सण १५ जुलैला, म्हणजे ऐन पावसात! जानेवारीच बरा.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, संपली की खरी मजा. लुगडं नेसलेल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातल्या) आज्या, कोळी कुटुंबं, नवस फेडायला आलेले हिंदू शेजारी, सगळे वाळूवर डबे उघडून बसतात. कुणी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, पुढे केले तर नाही म्हणू नका.

एवढं जुनं चर्च टिकलं ते या माणसांमुळे, असं मला वाटतं. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-उद्योग वसाहतीतलं संत योहान बाप्तिस्ताचं चर्च बघा. तेही १५७९चं, जवळपास याच वयाचं. १८४०च्या साथीत वस्ती उठून मरोळला गेली आणि मागे चर्चचे नुसते अवशेष राहिले. आता ते सीप्झच्या कुंपणात आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात तिथे मिस्सा होते.

डागडुजीबद्दल माझं एक हट्टी मत आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुनाच लावावा. सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चकाचक दिसतात, पण ओल आत कोंडते, खाऱ्या हवेतलं मीठ साचतं आणि भिंतीचे पोपडे सुटतात. समुद्राकाठी तर लवकरच.

टोपी, पाणी आणि मिस्सेला शोभतील असे कपडे घ्या. आत फोटो काढण्याआधी विचारा. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, तो बेतात धरू नका. जवळच्या अक्सा किनाऱ्यावर पोहायला उतरू नका, तिथे माणसं बुडतात. आणि परतीची बोट अंधार पडायच्या आत गाठा, संध्याकाळी जेटीवर लांबलचक रांग लागते.