'सिली'चा खोका: दोन महिन्यांची पायपीट

मंडळी, इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे बदलत गेले ते जमवायच्या माझ्या छंदात 'नाइस' हातावेगळा केला तेव्हा जाहीर केलं होतं की आता दिवाळीपर्यंत नवा शब्द घेणार नाही. तो निश्चय आठवडाभर टिकला. टीव्हीवर कसोटी चालू होती. फिरकीवाला आला, एक जण पुढे सरकून फलंदाजाच्या नाकासमोर उकिडवा बसला आणि समालोचक 'सिली पॉइंट' म्हणाला. शेजारी बसलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, याला सिली का म्हणतात? येडा आहे का तो?"

उत्तर जवळपास तेच आहे. बॅटच्या इतक्या जवळ उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या जागांना 'सिली' हे विशेषण चिकटलं. तेव्हा डोक्यावर हेल्मेटही नसायचं. आपला एकनाथ सोलकर तर हेल्मेटशिवायच फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, आणि २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. त्याच्या जागेच्या नावात 'सिली' नाही एवढंच, जोखीम तीच.

भाच्याचं समाधान झालं, माझं होईना. रात्री सहज व्युत्पत्ती बघायला बसलो. हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा अर्थ होता 'धन्य'. मूर्ख नाही, वेडा नाही, धन्य! मग काय, बुटाचा रिकामा खोका काढला.

नव्या मंडळींसाठी पद्धत सांगतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश जेम्स मरेने चिठ्ठ्यांवर उभा केला. देशोदेशीचे वाचक एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत आणि मरे त्या कप्प्यांमध्ये लावत असे. माझी गरिबाघरची आवृत्ती म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. एका पत्रिकेतून चार चिठ्ठ्या निघतात. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, खाली साल, आणि 'सिली'च्या लगेच पुढे आलेलं नाम लाल शाईने. हे नाम लाल करायचं यंदाच सुरू केलं आणि सगळी गंमत तिथेच निघाली. पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून पाच कप्पे केले: धन्य, निष्पाप, बापडा, दुबळा, मूर्ख. डावीकडून उजवीकडे शतकं सरकतील आणि शब्द घरंगळत खाली येईल, असा सुबक बेत होता. त्या बेताचं काय झालं ते पुढे येतंच.

पहिला कप्पा लवकर भरला. जुन्या इंग्रजीत 'सॅल' म्हणजे वेळ, आणि त्यातही चांगली वेळ, सुदिन. ज्याला चांगली वेळ लाभली तो 'सॅलीय', म्हणजे सुदैवी, सुखी, देवाची कृपा असलेला. आपण 'कोणत्या मुहूर्तावर जन्माला आलाय' म्हणतो, त्यातला हा मुहूर्त. (आपण ते बहुतेक वेळा वैतागून म्हणतो, ती गोष्ट वेगळी.) त्याचा जर्मन भाऊ 'झेलिश' अजून देवघरातच बसलाय. त्याचा अर्थ आजही धन्य, आणि वारलेल्या माणसाच्या उल्लेखात तो आपल्या 'कैलासवासी'सारखा येतो. एकाच आईची दोन लेकरं. एक स्वर्गात गेलं आणि दुसरं सिली पॉइंटला उकिडवं बसलं.

उच्चाराचं फार लांबवत नाही. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्याचा 'सेली' झाला, मग 'सीली', आणि पुढे दीर्घ स्वर आखडून 'सिली'. आजारी या अर्थाचा 'सिक'सुद्धा असाच 'सेक'वरून आखडलाय, तेव्हा यात जगावेगळं काही नाही. स्कॉटिश लोककथांत मात्र भल्या पऱ्यांना अजून 'सीली'च म्हणतात आणि दुष्ट त्या 'अनसीली'. मूर्ख आणि बिनमूर्ख पऱ्या नव्हेत. कृपावंत आणि अवकृपेच्या.

तिसऱ्या आठवड्यात चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीपाशी पोचलो आणि पुठ्ठ्याच्या भिंती डळमळायला लागल्या.

त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये जोगिणीच्या गोष्टीतलं लहान मूल 'सेली' आहे. निरागस, चटकन शिकणारं. चिठ्ठी निष्पाप कप्प्यात. त्याच ग्रंथात गिरणीवाल्याच्या गोष्टीतला म्हातारा सुतारही 'सेली' आहे. त्याच्या तरुण बायकोवर डोळा ठेवून असलेला घरातला विद्यार्थी त्याला पटवतो की नोहाच्या वेळेसारखा जलप्रलय पुन्हा येणार. सुतार बिचारा थरथर कापायला लागतो, त्याला डोळ्यांपुढे लाटा दिसतात, आणि तो छताला लाकडी टब टांगून त्यात झोपतो. हा सेली म्हणजे काय? निष्पाप आहेच. दयनीय आहेच. आणि उघड उघड बावळटही आहे. चॉसर वारला १४०० साली, आणि 'मूर्ख' हा अर्थ कोशकार सोळाव्या शतकातला धरतात. मी ती चिठ्ठी चार दिवसांत तीन कप्प्यांतून फिरवली. शेवटी बापड्यांत ठेवली, पण मनातून नाही.

(चॉसरच्या वेळच्या शब्दांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश बघा. तो २००१ मध्ये पुरा झाला आणि घरबसल्या फुकट वाचता येतो. या कामाला त्याच्यासारखा दोस्त नाही.)

मग आली माझी यंदाची सगळ्यात मोठी फजिती. सतराव्या शतकातली छापील पुस्तकं स्कॅन केलेली मिळतात, शोधपट्टीत शब्द टाकला की पानं समोर येतात. मी 'सिली' टाकला तर जेमतेम काही हाती लागेना. मी लगेच वहीत तत्त्वज्ञान लिहून मोकळा: 'या काळात शब्द मागे पडलेला दिसतो.' दोन आठवडे याच समजुतीत होतो. एका संध्याकाळी भलतंच काही शोधताना एक वाक्य दिसलं, त्यात 'फिली' बायका होत्या. फिली म्हणजे तरुण घोडी. घोडीबायका? मूळ पानाचं चित्र उघडलं आणि कपाळावर हात मारला. साधारण १८०० पर्यंतच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला नि मध्ये येणारा 'एस' लांब असायचा. तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, फक्त मधली आडवी रेघ अर्धीच, डाव्या बाजूला. संगणकाने माझे सगळे 'सिली' 'फिली' म्हणून वाचले होते. मग शोधपट्टीत घोडी टाकली आणि चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. वहीतलं ते वाक्य खोडलेलं नाही, शिक्षा म्हणून तसंच ठेवलंय.

या पावसात शेक्सपिअरच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या, त्या सावकाश बघण्यासारख्या आहेत. 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये दरोडेखोर एका भल्या तरुणाला आपला म्होरक्या व्हायची गळ घालतात. तो कबूल होतो, पण अट घालतो की 'सिली' बायकांवर आणि गरीब वाटसरूंवर हात टाकायचा नाही. इथे आजचा अर्थ घालून बघा: मूर्ख बायकांना त्रास देऊ नका, शहाण्यांना चालेल! अर्थ सांगतो तो शेजारचा 'गरीब' हा शब्द. एका तराजूची दोन पारडी आहेत ती. या सिलीला मराठीत अचूक जोड एकच, बायाबापड्या. दुसरी चिठ्ठी 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'ची. कारागिरांचं हौशी नाटक बघून राणी हिपॉलिटा म्हणते की इतकं 'सिली' मी आजवर काही ऐकलं नाही. हा सिली आजचा, नवाकोरा. दोन्ही नाटकं १५९० च्या दशकातली, लिहिणारा हात एकच.

इथे माझा शतकवार तक्ता फाडला. खरंच फाडला, त्याच्याही दोन चिठ्ठ्या झाल्या.

त्यानंतर चिठ्ठ्या सालाप्रमाणे न लावता लाल शाईतल्या नामांप्रमाणे लावल्या. मेंढरं, लेकरं, विधवा, जीव, पारवा, मेंढपाळ. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये होशेयाच्या पुस्तकात एफ्राइमला, म्हणजे इस्राएलच्या लोकांना, 'सिली' पारव्याची उपमा आहे. त्याला 'हृदय' नाही, म्हणजे त्या बोलीत अक्कल नाही. कधी मिसरकडे धावतो, कधी अश्शूरकडे. मिल्टनच्या १६२९ च्या नाताळच्या कवितेत रानात गप्पा छाटणाऱ्या मेंढपाळांचे विचार 'सिली' आहेत, म्हणजे साधेसुधे. मूर्ख म्हणून त्याने त्यांना हिणवलेलं नाही. ही सगळी नामं एकापुढे एक टेबलावर मांडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की शब्दाला कुणी ढकललं नव्हतंच. तो ज्यांच्या सोबतीला राहिला त्यांच्यासारखा होत गेला. देवाची माया दीनदुबळ्यांवर, म्हणून दीनदुबळे धन्य. मग धन्य म्हटलं की दुबळा डोळ्यांपुढे येणार. आणि दुबळ्याला जग शहाणा कधी म्हणतं?

आपला 'भोळा' बघा की. भोळा सांब म्हटलं की हात जोडले जातात, 'भोळसट' म्हटलं की कीव येते. मधे फक्त 'सट' आहे. फरक एवढाच की आपण धन्य अर्थही जपून ठेवलाय. इंग्रजांनी तो वाटेत कुठेतरी सांडला.

डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने मला पुन्हा चकवलं. त्याने पहिला अर्थ दिलाय निरुपद्रवी, निष्पाप, साधा. दुसरा दुबळा, असहाय. मूर्ख हा शेवटी, तिसऱ्या जागी. हिपॉलिटाला उलटून दीडशेच्या वर वर्षं झाली होती, तरी कोशात पहिला पाट निष्पापालाच. नुसता हा क्रम बघून 'अठराव्या शतकात सिली म्हणजे निष्पाप' असं लिहाल तर माझ्या घोडीसारखी तुमचीही फजिती होईल. कोशकार अर्थ मांडताना वंशावळ बघत असतो, बाजारातली उलाढाल नव्हे.

दुबळ्याच्या कप्प्यात माझी सगळ्यात लाडकी चिठ्ठी आहे. १७८५ साली रॉबर्ट बर्न्सच्या नांगराखाली एका उंदराचं बीळ उद्ध्वस्त झालं, त्यावर त्याने स्कॉटिश बोलीत कविता लिहिली. त्यात त्या इवल्याशा घराच्या 'सिली' भिंती वारा उधळून लावतो. भिंती मूर्ख कशा असतील? तकलादू, कुडाच्या. दक्षिणेकडे लंडनमध्ये त्याच सुमारास लोक एकमेकांना सिली म्हणून टोमणे मारत होते आणि उत्तरेकडे शेतकरी तोच शब्द गवताकाडीच्या भिंतीला लावत होता.

मूर्खाच्या कप्प्याबद्दल फार सांगत नाही, तो आपोआप भरतो. एक चिठ्ठी मात्र हातोहात फिरवावी अशी आहे: 'सिली सीझन'. संसद सुटीवर गेली की वर्तमानपत्रांना बातम्या मिळत नाहीत, मग कायच्या काय छापतात, तो हंगाम. छापील नोंद १८६१ ची. याच दिवसांना जर्मन लोक आंबट काकडीचे दिवस म्हणतात आणि डच नुसतेच काकडीचे. आमच्या घरी मत पडलं की काकडी जास्त बरी.

आजचा हिशेब: पाच कप्पे, मधल्या चारपैकी तीन भिंती मी काढून टाकल्यात. 'धन्य'च्या बाजूला तेवढी एक उरली होती, ती कालपर्यंत पक्की होती. काल कोलरिज या इंग्रजी कवीची १७९८ ची चिठ्ठी लिहिली. त्याच्या शापित म्हाताऱ्या खलाशाला झोप लागते, स्वप्नात गलबताच्या डेकवरच्या 'सिली' बादल्या दवाने भरलेल्या दिसतात, आणि जाग येते तेव्हा खरंच पाऊस पडत असतो. कवीने या कवितेत मुद्दाम जुनी भाषा वापरलीये. बादल्या कितीतरी दिवस कोरड्या, निकामी पडून होत्या, म्हणजे बापड्या. आणि आता त्यांच्यावर कृपा बरसतेय, म्हणजे चॉसरच्याही आधीच्या अर्थाने धन्य. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, बादली ती बादली." चिठ्ठी सध्या त्या उरलेल्या पुठ्ठ्याच्या कडेवर उभी टेकवून ठेवलीये. पंखा लावला की पडते, कधी या बाजूला, कधी त्या.