स्ट्रॉन्शियमचा आकडा बरोबर, पण तुलना कशाशी?

डेन्मार्कमधल्या एग्टवेड गावाजवळ १९२१ साली ओकच्या खोडात कोरलेली शवपेटी सापडली. आत सोळा-अठरा वर्षांची मुलगी, काळ इ. स. पू. १३७०. हाडं विरघळून गेलेली, पण केस, नखं, दातांचं एनॅमल आणि लोकरीचे कपडे शाबूत. २०१५ मध्ये एका संशोधक गटाने तिच्या अवशेषांतल्या स्ट्रॉन्शियमच्या (अन्नपाण्यातून शरीरात उतरणारं मूलद्रव्य) गुणोत्तरावरून निष्कर्ष काढला की ती बहुधा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडची, आणि शेवटच्या दोनेक वर्षांत तिने लांबचे प्रवास केले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तेच आकडे घेऊन सांगितलं, ती तिथल्याच परिसरातली असू शकते. दातातल्या मोजमापाबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो आकडा कशाशी ताडून बघायचा, यावर.

मूळ तत्त्व सोपं आहे. रुबिडियम-८७ अतिशय सावकाश (अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षं) स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. त्यामुळे जुन्या, रुबिडियमयुक्त ग्रॅनाइटमध्ये स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ या दोन समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या रूपांचं) गुणोत्तर चढं, तरुण बेसाल्टमध्ये उतरतं. खडकातून माती, मातीतून वनस्पती, तिथून कॅल्शियमच्या जागी दातात. वाटेत गुणोत्तर जवळपास तेच राहतं.

नमुना घ्यायचा तो एनॅमलचाच. डेंटिन (एनॅमलखालचा दाताचा भाग) आणि हाड सच्छिद्र असतात, पुरल्यावर भूजलातलं स्ट्रॉन्शियम शोषतात आणि हमखास ‘स्थानिक’ उत्तर देतात. हिऱ्याच्या बरने (दंतवैद्याच्या ड्रिलचं टोक) वरचा थर खरवडून टाका आणि आतून चिकटलेलं डेंटिन पूर्ण काढा. दहाएक मिलिग्रॅम स्वच्छ एनॅमल पुरतं. ते नायट्रिक आम्लात विरघळवून ३ मोलर द्रावण स्ट्रॉन्शियम धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या कॉलममधून सोडायचं. कॅल्शियम आणि रुबिडियम धुऊन जातं, मग अतिशुद्ध पाण्याने स्ट्रॉन्शियम उतरवायचं. इथे घाई केली तर रुबिडियम मागे राहतं, आणि त्याचं ८७ वस्तुमान हे समस्थानिक मोजणाऱ्या यंत्राला स्ट्रॉन्शियम-८७ सारखंच दिसतं. म्हणून ८५ या वस्तुमानावर नजर ठेवायची, तिथे फक्त रुबिडियम दिसतं. नमुना आर्गॉनच्या प्लाझ्मात तापवणारं यंत्र असेल तर आर्गॉनमधला क्रिप्टॉन ८६ वर लुडबुड करतो, त्याची दुरुस्ती वेगळी. एसआरएम ९८७ या गुणोत्तर आधीच माहीत असलेल्या संदर्भ नमुन्याचा आकडा ०.७१०२५ च्या आसपास आला नाही, तर त्या दिवशीचे आकडे वापरू नयेत.

एवढं सगळं नीट पार पाडून पाचवा दशांश हाती येतो, आणि मग तो परिसरातल्या गुणोत्तरांच्या ज्या नकाशावर ठेवायचा तो नकाशाच आजच्या शेतातला निघतो. डेन्मार्कमध्ये नेमकं हेच झालं, असं दुसऱ्या गटाचं म्हणणं. शेतजमिनीत टाकलेल्या चुन्यामुळे वनस्पती आणि ओढ्यांच्या पाण्यातलं गुणोत्तर खाली ओढलं जातं. न कसलेल्या जागी मोजलं तर ते बरंच वर जातं, आणि ‘परदेशी’ मुलगी आवाक्यात येते. पहिल्या गटाला हे मान्य नाही. माझं मत विचाराल तर पार्श्वभूमीचे नमुने शेत, रस्ता आणि खतापासून दूर, जुन्या रानातून घ्यावेत, आणि एकाच जागी गवत, झुडूप, झाड असे तिन्ही घ्यावेत, कारण मुळांच्या खोलीप्रमाणे आकडा बदलतो. केसांबद्दल तर मला जास्तच शंका वाटते: बाहेरच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम केसात शिरतं, आणि ते पूर्ण काढल्याची खात्री देणं अवघड.

आपल्याकडे ‘सगळा दख्खन बेसाल्ट, मग काय कळणार?’ असं सहज म्हटलं जातं. तेवढं सोपं नाही. सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांपैकी अंबेनळी थरांचं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, तर बुशे थरांचं ०.७१३ च्याही वर. शिवाय कोकणात समुद्राचे तुषार आणि पाऊस ०.७०९२ कडे ओढतात. खडकाचा आकडा थेट माणसाला लावला, की फसलात.

यातून एक चांगली वाट म्हणजे एकाच व्यक्तीचे दोन दात. पहिल्या दाढेचा मुकुट सुमारे तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतो, अक्कलदाढेचा किशोरवयात. हरप्पा आणि हरियाणातलं फरमाणा इथल्या दफनांवरच्या २०१५ च्या अभ्यासात (फरमाणाच्या उत्खननात पुण्याचं डेक्कन कॉलेज होतं) लवकर आणि उशिरा बनलेलं एनॅमल असंच ताडून पाहिलं, सोबत शिशाचे समस्थानिकही मोजले. त्यातून लहानपणीच तिथे आलेली माणसं ओळखता आली. दोन दातांत ठळक फरक असेल, तर नकाशा कितीही कच्चा असो, मधल्या काळात अन्नाचा स्रोत बदलला एवढं निश्चित. माणूस नेमका कुठून आला, ते मात्र तरीही सांगता येत नाही. फक्त कुठून आला नाही, ते सांगता येतं.