सी शिकणाऱ्याच्या हाती जीसीसी

नव्याने सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्याने फुकट मिळणारा जीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) वापरावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र एका अटीवर. आमच्या महाविद्यालयात निळ्या पडद्याचा टर्बो सी हा जुना कंपायलर होता. त्यात पूर्णांक दोन बाइटचा असल्यामुळे ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२७६८ येई, आणि सी भाषाच अशी आहे असे आम्ही धरून चालत असू. जीसीसी आणि टर्बो सी दोन्ही मूळचे १९८७ सालचे. पण पहिल्यात आजही सुधारणा होत आहेत, तर दुसऱ्याला बहुधा डॉसबॉक्सचा, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, टेकू द्यावा लागतो.

अट अशी, की 'वॉल' (-Wall) हा जीसीसीचा इशारे दाखवणारा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा. इफच्या कंसात तुलनेच्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी किंमत देणारे एकच टाकले, तरी एरवी प्रोग्राम निमूटपणे कंपाइल होतो. हा पर्याय दिल्यास मात्र ओळीच्या क्रमांकासह इशारा मिळतो. विंडोजवर मिंगडब्ल्यू (जीसीसीची विंडोजसाठीची आवृत्ती) बसवून पाथ, म्हणजे कंपायलर कुठे आहे ते संगणकाला सांगणारा पत्ता, लावताना नवखा माणूस मेटाकुटीला येतो, हे मान्यच. लिनक्सवर तो त्रास जवळपास नाही.