काकांची चाल सुधारली, तरी ते बाहेर पडेनात

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जास्त करून स्ट्रोकचे पेशंट बघते. चालण्याचा वेग मोजायला आमच्याकडे दहा मीटरची टेस्ट असते. सेकंदाला 0.4 मीटरच्या खाली असेल तर माणूस घरातल्या घरात फिरणार, 0.8 च्या वर गेला की बाहेर मोकळेपणी हिंडू शकेल, असा साधारण हिशोब 1995 पासून धरतात. आमचे एक काका 0.9 ला पोचले होते. सगळे खूश, आणि तरी काका घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत.

मुलगा म्हणाला, "आळस करतात हो, पाय तर बरा झालाय." स्ट्रोकच्या पेशंटला आळशी म्हटलेलं मला अजिबात सहन होत नाही. थोडं काही केलं तरी येणारा थकवा हा या आजाराचाच भाग असतो, आणि साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशनही येतं, ते वेगळंच. त्यात काकांचा स्ट्रोक डाव्या मेंदूतला. उजवी बाजू कमजोर, शिवाय अफेजिया, म्हणजे स्ट्रोकमुळे भाषेवर झालेला परिणाम; काकांना समोरच्याचं जवळजवळ सगळं समजतं पण स्वतःचे शब्द बाहेर येत नाहीत. का जायचं नाही हे ते सांगणार तरी कसं!

म्हणून एक दिवस सेशन बाहेरच घ्यायचं ठरवलं. काका, काकू आणि मी. जिना मस्त उतरले, अशक्त पाय आधी, शिकवलं तस्सं. फुटपाथवर मात्र फरशा वरखाली, मागून हॉर्न, आणि काका जागच्या जागी थिजले. डिपार्टमेंटच्या गुळगुळीत फरशीवर हे कधीच दिसलं नसतं. पुढे सिग्नल. बऱ्याच ठिकाणी रस्ता ओलांडायची वेळ सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस धरून ठरवतात, म्हणजे आमचे 0.9 वाले काका निम्म्याहून पुढे गेले आणि दिवा बदलला, हात दाखवून गाड्या थांबवल्या तेव्हा पलीकडे गेलो.

पलीकडे त्यांचे जुने मित्र भेटले, रोज संध्याकाळी एकत्र बसणाऱ्यांपैकी. हाक ऐकली तसे काका चालायचे थांबले, कारण चालणं आणि बोलणं दोन्हीकडे एकदम लक्ष देणं स्ट्रोकनंतर खूप अवघड जातं. मित्राने काकूंना विचारलं, "वहिनी, कसाय आता हा? बोलतो का काही? ओळखतो का आम्हाला?"

काका समोर उभे आणि हे सगळं काकूंना. काकू सवयीने उत्तर द्यायला लागल्या. काकांचा चेहरा लाल झाला, त्यांनी काठी माझ्या हातात दिली, डाव्या हाताने मित्राची बाही धरली आणि म्हणाले, "मी... मला... मला विचार."

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. आणि ते बाहेर का पडत नव्हते याचं उत्तरही मिळालं. पाय हे कारण होतं, पण छोटं.

मी मित्राला म्हटलं, एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि मग थांबा, शब्द सुचवू नका. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी येणार का बसायला?" काकांनी मान हलवली, नाही. "उद्या?" परत नाही. मग काका शब्द शोधत राहिले, काकूंचे ओठ हलायला लागले, मी खुणेनेच थांबवलं, आम्ही तिघंही नुसते उभे, शेवटी काका म्हणाले, "परवा."

परत येताना पाय घासायला लागला, बाकावर बसावं लागलं. पण परवाला गेले. मी नव्हते, काकूंनी फोनवर सांगितलं. लवकर थकले, एकाचं नाव ओठावर येईना म्हणून चिडले पण, तरी पुन्हा जायचं म्हणतायत. त्यांचा ट्रीटमेंट प्लॅन मी बदललाय, आता चालता चालता प्रश्न विचारते, हातात पिशवी देते, गर्दीच्या वेळी बाहेर नेते. आणि पुढच्या सेशनला त्या मित्रांपैकी दोघांना बोलावलंय, काकांशी कसं बोलायचं याची प्रॅक्टिस त्यांच्याकडून करून घ्यायचीय.