पुढची बोट

गोव्यातल्या चोडण बेटाच्या धक्क्यावरून फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली, की माणूस आधी घड्याळ पाहतो, मग स्वतःशीच चार शब्द पुटपुटतो आणि शेवटी, दुसरा इलाज उरत नाही म्हणून, शेजारी उभ्या असलेल्याकडे पाहतो. गावातल्या निम्म्या माणसांशी माझी ओळख या तिसऱ्या पायरीवर झाली आहे. समोर रायबंदर दिसत असते, तिथल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे मोजता यावेत इतके जवळ. पण मध्ये मांडवी आहे आणि मांडवीला आपल्या घाईशी काही देणेघेणे नाही. मग मासळीच्या भावापासून सुरुवात होते, मासळीवरून खाजनातले, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांचे, फुटके बांध निघतात, बांधांवरून पंचायत, आणि पंचायतीचा विषय ऐन रंगात येतो तेव्हाच पुढची बोट धक्क्याला लागते.

ही सगळी प्रस्तावना एका ऑनलाइन खेळासाठी आहे, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. चाळिशी ओलांडलेला, पणजीत नोकरी करणारा माणूस रात्री साडेअकराला कानांवर हेडफोन चढवून बुटक्या जातीचा पुजारी होतो, हे आमच्या घरात सर्वांनी स्वीकारले असले, तरी चवथीला जमलेल्या नातेवाइकांना ते पटवून देणे मला अजून साधलेले नाही. ‘तू तिथे नेमके करतोस काय?’ असे दरवर्षी कोणीतरी विचारते. मी सांगतो की मी कोणाला मारत नाही. मार खाणाऱ्यांना बरे करतो. यावर ‘म्हणजे कंपाउंडर!’ असे उत्तर एका आत्याने दिले होते आणि त्याहून नेमकी व्याख्या मला आजवर सुचलेली नाही.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. तो 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि मी मात्र 2019 मध्ये, त्याची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू झाली तेव्हा, त्यात शिरलो. त्या जगात दोन मोठे खंड आहेत आणि मधल्या समुद्रावरून बोटी जातात. मेनेथिल नावाच्या एका दलदलीतल्या बंदरावर माझ्या पुजाऱ्याला पलीकडे जाण्यासाठी उभे राहावे लागे. बोट काही मिनिटांनी येते. ती लवकर यावी म्हणून कोणतीही कळ दाबता येत नाही, पैसे देता येत नाहीत, मंत्र म्हणता येत नाही. ज्या खेळात माणूस मेलेल्याला जिवंत करू शकतो, त्याच खेळात त्याला बोटीसाठी ताटकळत ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल, असा प्रश्न पहिल्या दिवशी मला पडला होता. घरच्या धक्क्यावरून सुटून आलेला माणूस पुन्हा धक्क्यावरच उभा, हा विनोद मला एकट्यालाच कळत होता.

तिथे एकजण गळ टाकून बसलेला असे. या खेळात मासेमारी हे एक शिकण्याजोगे कसब आहे आणि लढाईच्या दृष्टीने पाहिले तर बराचसा वेळकाढूपणा. दोन बोटी चुकल्यावर मी त्याला विचारले की इथे काय लागते. तो पोर्तुगालचा निघाला. ‘गोवा’ हा शब्द टंकल्यावर काही क्षण शांतता पसरली आणि मग त्याने आपल्या आजोबांच्या पिढीपासून सुरुवात केली. ती चर्चा इतकी लांबली की तिसरी बोट आम्ही दोघांनीही मुद्दाम सोडली. त्यानेच मला आपल्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, घेतले.

गिल्डचे मुख्य काम रेड, म्हणजे सर्वांनी मिळून बलाढ्य राक्षसांवर काढलेली मोहीम. त्या काळच्या मोठ्या मोहिमांना 40 माणसे लागत: पुढे उभे राहून मार झेलणारे थोडे टँक, त्यांना जिवंत ठेवणारे आमच्यासारखे हीलर आणि बाकीचे घाव घालणारे. चाळीस माणसे एका वेळी, एका ठिकाणी, पोटात अन्न आणि डोक्यात शिस्त घेऊन जमवणे म्हणजे काय, हे ज्याने गावच्या जत्रेतले नाटक बसवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. आमची मोहीम युरोपातल्या रात्री आठला निघे. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेबारा. युरोपातली घड्याळे मागेपुढे झाली की माझी झोपही मागेपुढे होत असे. पावसाळ्यात चोडणची वीज गेली की चाळीस जणांचा एक कंपाउंडर अचानक नाहीसा होई. पहिल्या वेळी शिव्या पडल्या. तिसऱ्या वेळेपर्यंत ‘मान्सून’ हा त्या गिल्डमधला पारिभाषिक शब्द झाला होता. स्वीडनमधल्या कोणाचे इंटरनेट तुटले तरी ‘मान्सून’ असेच म्हणत. एका शनिवारी तर मोहीम इतकी चिघळली की पहाट झाली आणि माझ्या उघड्या माइकमधून पोदेराच्या सायकलचा पोंपों थेट युरोपात पोहोचला. सगळे विचारू लागले की हा कोणता शत्रू. मी पाववाल्याबद्दल सांगितले, त्याला आम्ही पोदेर म्हणतो हेही सांगितले, आणि पोर्तुगालच्या मित्राने लगेच ओळखले: ‘पादेइरो!’ चारशे वर्षांत झिजून एवढासा झालेला शब्द मूळ मालकाकडे परत गेला तो असा, एका मेलेल्या राक्षसाच्या शेजारी.

आता मुद्द्याकडे येतो. खेळ चांगला व्हावा आणि गोतावळाही टिकावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या मैत्रिणी आहेत असे बाहेरून वाटते. आतून त्या दोन जावा आहेत. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा या प्रकाराचा आद्य, केवळ शब्दांनी चालणारा खेळ रचला. त्याच बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंची पत्त्यांच्या रंगांप्रमाणे चार कुळे पाडली: कमाई करत सुटणारे चौकट, धुंडाळणारे इस्पिक, माणसांसाठी येणारे बदाम आणि इतरांना छळण्यात सुख मानणारे किलवर. एका कुळाची संख्या वाढली की दुसऱ्यांवर काय परिणाम होतो, याचाही त्यांनी विचार केला होता. वर्गवारी देखणी आहे, पण माझा अनुभव असा की पत्ता रात्रीत रंग बदलतो. साडेअकराला मी पक्का बदाम असतो. दोन वाजता, सहाव्यांदा हरल्यावर, जो कोणी चुकीच्या जागी उभा होता त्याच्यापुरता मी किलवर झालेला असतो.

आमच्याकडे हा प्रश्न एका सभासदाच्या रूपाने उभा राहिला आणि तो सभासद माझा तोच गळ टाकणारा मित्र होता. हात मंद होते. जमिनीवर आग पेटली की बाकीचे सरकत आणि हा आगीत उभा राहून काहीतरी मजेशीर सांगत असे. त्याला जिवंत ठेवण्यात माझी अर्धी शक्ती खर्ची पडे आणि ती मी आनंदाने खर्च करत होतो, हे इथे कबूल करतो, कारण मोहिमेच्या प्रमुखाजवळ कधी कबूल केले नाही. प्रमुखाचे म्हणणे चुकीचे नव्हते. एकोणचाळीस जण आपापली रात्र देतात. एकाच्या गप्पांसाठी त्यांनी किती वेळा मरावे? लूट वाटताना तर हा वाद आणखी कडवट होई. एका तलवारीवर कोणाचा हक्क आधी, याचा निर्णय आपल्या देवळांतल्या मानपानाइतकाच नाजूक असतो आणि तितकाच लक्षात ठेवला जातो. शेवटी मित्राला बाहेर बसवायचे ठरले. त्या आठवड्यात आम्ही तो अडलेला राक्षस मारला आणि चाळीस जणांचा जो आरडाओरडा कानांत घुमला, त्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही. मला वाईट वाटायला हवे होते. त्या क्षणी मुळीच वाटले नाही.

मित्राने मात्र कोणाचेच न ऐकता स्वतःसाठी काम शोधले. त्या जगात नाइटफिन नावाचा मासा आहे, रात्रीच जास्त गळाला लागणारा. त्याचे सार प्यायले की हीलरची शक्ती लवकर भरून येते. तो आठवडाभर मासे पकडी, सार रांधी आणि मोहिमेच्या आधी अर्धा तास येऊन आम्हा हीलरांना वाटत सुटे. वाटायला एक मिनिट पुरले असते. उरलेली एकोणतीस मिनिटे तो बोलत असे. ‘आमच्याकडे याचे हुमण केले असते,’ असे मी आमच्या माशाच्या आमटीबद्दल एकदा म्हणालो आणि नारळ वाटण्यापासून सगळी कृती सांगावी लागली. हळूहळू हीलरच नव्हेत तर बाकीचेही अर्धा तास आधी येऊ लागले. वास्तविक एक मांत्रिक आणि दोन मदतनीस असले की उरलेल्यांना मंत्राने थेट गुहेच्या दारात ओढून घेता येते. आम्ही तसे करणे टाळू लागलो आणि चालत जाऊ लागलो. प्रमुखाला हा चाललेला वेळ अखेरपर्यंत खुपत होता.

याच खेळात 2009 च्या डिसेंबरात एक सोय आली होती. कळ दाबायची, रांगेत नाव जाते, निरनिराळ्या सर्व्हरांवरून, म्हणजे त्याच जगाच्या वेगवेगळ्या प्रतींतून, पाच अनोळखी माणसे एकत्र येतात आणि थेट भुयारात पोहोचतात. काम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते आणि कोणी कोणाला पुन्हा भेटत नाही. या सोयीने शेजार मोडला, अशी तक्रार जुने खेळाडू वर्षानुवर्षे करत राहिले. अखेर 2019 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ती सोय नसलेला जुना खेळ पुन्हा उघडला, तेव्हा गर्दी एवढी झाली की एकेका राक्षसासमोर खेळाडूंनी आपणहून शिस्तीत रांगा लावल्या. याच वर्षी, जानेवारीत, आमच्या पणजीत मांडवीवरचा तिसरा पूल, अटल सेतू, सुरू झाला होता. इकडे लोक पुलावर फोटो काढत होते आणि तिकडे पूल पाडून मागत होते.

पण जुनी अडचण परत आणल्याने जुना जिव्हाळा परत येतो, असे समजणाऱ्यांत मी फार काळ राहिलो नाही. खेळ उघडून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात एका गटाने पहिल्या मोठ्या मोहिमेचा शेवटचा राक्षस लोळवलाही. नंतर तर लोकांनी आणखी एक युक्ती काढली. शहरात मिळणारी वरदाने, म्हणजे ताकद वाढवणारे तात्पुरते मंत्र, अंगावर चढवून घ्यायची आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून मोहिमेच्या रात्रीपर्यंत खेळातच यायचे नाही. बलाढ्य पात्रे सहा-सहा दिवस झोपून राहू लागली आणि बंदरावर कोणी दिसेना. पुढे 2022 मध्ये त्या जुन्या खेळाच्या मालिकेतला पुढचा भाग आला, तेव्हा ती रांगेची सोय मुद्दाम वगळली होती. 2023 मध्ये ती परत आणावी लागली, आणि मागणी खेळाडूंचीच होती. ती मागणी करणाऱ्यांत मीही होतो. नोकरी, घर आणि जागरण यांतून एखाद्या रात्री मिळणारा अर्धा तास मला सोबत शोधण्यात घालवायचा नव्हता.

माझे मामा बेतीचे, म्हणजे पणजीसमोर मांडवीच्या पलीकडच्या काठावरचे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढची काही वर्षे त्यांनी पणजीतली नोकरी फेरीबोटीने केली. त्या वर्षांत झालेल्या ओळखींच्या जोरावर त्यांनी पुढे दोन सोयरिकी जमवल्या, हे ते अभिमानाने सांगतात. पावसात छत्री धरून तास-तास उभे राहिल्याचे, ओल्या कपड्यांनी दिवसभर कचेरीत बसल्याचेही तेच सांगतात. मी एकदा त्यांना माझा सिद्धांत ऐकवला की माणसे अडतात म्हणून जोडली जातात, आणि पूल झाला की बोलणे संपते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बाबा, तू रांगेत रहा उभा. मी पुलावरून जातो आणि पलीकडे तुझी वाट पाहतो.’

आमच्या चोडणलाही पूल हवा, ही मागणी जुनीच आहे. रात्री आईचा ताप चढला तेव्हा मये-डिचोलीकडून वळसा घेऊन गाडी हाकताना माझ्या मनात ना गप्पा होत्या ना गोतावळा. सध्या 2025 पासून मोठी रो-रो बोट, म्हणजे गाड्या थेट चढवता-उतरवता येणारी, आली आहे; तिच्यात गाड्या जास्त मावतात, त्यामुळे धक्क्यावरची रांग भराभर सरकते. धक्क्यावर भेटणाऱ्या एका काकांची पोटच्या पोरासारख्या जपलेल्या माडांच्या वादाची हकीकत मी हप्त्याहप्त्याने ऐकत होतो. ती गेले तीन महिने सर्व्हेयर येण्यापाशी अडकून पडली आहे, कारण हल्ली ते सुरुवात करतात आणि बोट येते.

गिल्ड आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. चाळीस जमत नाहीत, प्रमुख केव्हाच दुसऱ्या खेळात गेला. परवा पुष्कळ दिवसांनी पुजाऱ्याला जागे केले तर तो मेनेथिललाच उभा होता, कारण मागच्या वेळी मी त्याला तिथेच सोडले होते. बोट लागलेली होती. पलीकडच्या फळ्यांवर एकजण गळ टाकून बसला होता. नाव ओळखीचे होते. मी चढलो नाही. त्याला विचारले की आज काय लागते आहे. बराच वेळ उत्तर आले नाही आणि मग पडद्यावर एवढेच उमटले: ‘काही नाही. तुझ्याकडे मान्सून सुरू झाला का?’