भाकरीला बारकोड कुठून आणू?

रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी 6.1 आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध नको, पाच-सहा किलो उतरवा आणि काय खाताय ते लिहून ठेवा. वहीत लिहिलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. पण शाळेतल्या सगळ्या बायकांच्या फोनमध्ये कॅलरी मोजायचं ॲप, म्हणून मीही घेतलं. सगळ्यात वर दिसलं ते. वय, उंची, वजन भरलं, रोजच्या 1500 कॅलरी ठरल्या, पहिले काही दिवस फुकट. इथवर दहा मिनिटं.

मग दुपारच्या जेवणाच्या रकान्यात 'भाकरी' शोधायला गेले.

मराठीत लिहिलं तर काहीच सापडेना. रोमन अक्षरांत लिहिलं तर सात निकाल आले. एका भाकरीच्या कॅलरी 90, 105, 140, 212. कुणी 'मध्यम' म्हटलंय, कुणी 'एक नग'. आमच्या सोलापुरात मध्यम भाकरी म्हणजे ताट झाकेल एवढी. पुण्याच्या जावेकडे तीच मध्यम म्हणजे पुरीची थोरली बहीण. मी आपली हिरवी खूण असलेली, तपासलेली म्हणून दाखवलेली 140 वाली धरली आणि बारा दिवस इमानदारीत तीच भरत राहिले.

तेराव्या दिवशी सहज खाली बघितलं तर एका भाकरीत सहा ग्रॅम फॅट. आमच्या भाकरीत तेलाचा थेंब पडत नाही! ज्वारीचं पीठ, गरम पाणी, संपलं. घटक उघडून पाहिले तर गव्हाचं पीठ आणि तेल. ती गुजराती भाखरी होती, मोहन घालून केलेली, चहाबरोबर खातात ती. बारा दिवस मी ज्वारी खाऊन गहू नोंदवत होते.

ॲपवाल्यांना कळवलं. उत्तर आलं, नवा पदार्थ सुचवायचा असेल तर फॉर्म भरा. फॉर्ममध्ये कंपनीचं नाव आवश्यक, पाकिटाचा पुढून-मागून फोटो आवश्यक, बारकोड आवश्यक. मी लिहिलं, ही घरी थापतात. पुन्हा तोच फॉर्म आला. कंपनीच्या रकान्यात सासूबाईंचं नाव घालून पाठवला, तर 'फोटो अस्पष्ट आहे'.

शेवटी चिडून बाजारातून कडक भाकरीचं पाकीट आणलं. त्याला बारकोड होता. तो मात्र एका फटक्यात स्वीकारला, आणि टाकला कुठे? 'स्नॅक्स'मध्ये. मला वाटलं, असू दे, ज्वारी ती ज्वारीच. म्हणून ताटातली गरम भाकरी तोलली, 112 ग्रॅम, आणि कडक भाकरीच्या नावावर भरली. आकडा आला चारशेच्या वर. डोकं चालायला संध्याकाळ झाली: कडक भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, माझ्या भाकरीच्या वजनात बरंचसं पाणीच. तुम्ही निदान एवढं करा, शिजलेल्या पदार्थाला कोरड्याचा आकडा लावू नका. डाळीचंही तेच, कच्ची तूरडाळ आणि वाटीतलं वरण यांत तिपटीचा फरक पडतो.

(हे आधी सांगायला हवं होतं: ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. बँकेचा 'उद्या पैसे कापले जातील' असा मेसेज आला म्हणून मी वाचले. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.)

मग मुलाने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017चे तक्ते शोधून दिले. आपल्याकडचे 528 खाद्यपदार्थ आहेत त्यात. ज्वारी उघडली आणि हबकलेच, शंभर ग्रॅमला चौदाशेच्या घरात! तो आकडा किलोज्यूलमध्ये असतो. कॅलरी काढायला 4.184 ने भागायचं. आले साधारण 334.

आता एका भाकरीला पीठ किती? आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं तर म्हणाल्या, "मुठीचा अंदाज." पिठाचा डबा काट्यावर ठेवला तेव्हा मात्र बघत राहिल्या. "माझ्या सासूनं माझ्यावर एवढी पाळत ठेवली नव्हती हो," म्हणाल्या. आठ भाकऱ्या झाल्यावर डबा पुन्हा तोलला. 560 ग्रॅम कमी. म्हणजे भाकरीला 70 ग्रॅम पीठ, 234 कॅलरी. मी रोज तीन खात होते आणि दर भाकरीमागे 94 कॅलरी कमी लिहीत होते. वजन का हलत नव्हतं ते कळलं.

त्यानंतर ॲप निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: स्वतःची पाककृती भरता येते का, तीही पैसे न देता. कच्चं साहित्य ग्रॅममध्ये टाकायचं, शिजल्यावर भांड्याचं वजन वजा करून एकूण वजन टाकायचं, बस. तीन ॲप घेऊन बघितली, तिसऱ्यात जमलं. दिसायला अगदी रुक्ष आहे, शाबासकी देत नाही, म्हणून जास्तच आवडलं. वाटी हे माप कुठल्याच ॲपवर सोडू नका. आमच्या वाटीत पाणी भरून मोजलं तर 140 मिली निघालं, ॲपची वाटी 200 ची होती. फोडणीचं तेल पळीने मोजू नका, बाटली आधी-नंतर तोला. ग्रॅमला नऊ कॅलरी असतात, पळी दिसते त्यापेक्षा खोल असते. काटा घ्याल तो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. माझा साडेचारशेला आला, एवढा एकच खर्च वसूल झाला.

चार महिन्यांत साडेतीन किलो उतरले. अजून दोन बाकी आहेत आणि ते कुठे अडकलेत तेही ठाऊक आहे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. परवा शेंगाची चटणी तोलली, एक भरला चमचा 14 ग्रॅम. तीन चमचे म्हणजे अख्खी एक भाकरी. आईंना हे अजून सांगितलेलं नाही. चटणी त्याच कुटतात.